टाचेचं रक्त आणि चाळीस माग

त्या मे महिन्यात ऊन असं होतं, की आमच्या गल्लीतल्या गाढवाची सावली गाढवाला उन्हात टाकून स्वतः पाण्याच्या पिंपाखाली जाऊन बसायची. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या बायकोचं म्हणणं, मी डोळ्यांनी जेवढं पाहिलंय तेवढं पाहायला माणसाला निदान सहा डोळे लागतील. असो. पुढे जे आकडे येतील ते मात्र मी एक मिलिमीटरसुद्धा वाढवलेले नाहीत. कारण एकदा ते वाढले होते, आणि एका पोरीचा जीव त्यापायी जायला आला होता, तेच सांगायचं आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे जिथं घरागणिक माग आणि मागागणिक घर, तिथं लहान मुलांचा एक दवाखाना होता आणि मी त्यात लॅब टेक्निशियन होतो. लॅब म्हणजे तळमजल्यावरची मागची खोली. एक टेबल, एक मायक्रोस्कोप, एक पंखा, आणि एक मी. मागच्या भिंतीपलीकडे एका मालकाचे चाळीस यंत्रमाग. टॉवेल आणि चादरी. सकाळी सातला ते सुरू झाले की भिंतीवरची पालसुद्धा तालावर चालायची.

आमच्या डॉक्टरीणबाई मुंबईत शिकून आलेल्या. वय तिशीच्या आत, आवाज शाळामास्तरणीचा, चालणं असं की जिना त्यांना घाबरून स्वतः खाली यायचा. आल्या त्या पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "हा आवाज कधी बंद होतो?" आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. कुठला आवाज? आम्हाला खरंच कळलं नव्हतं.

बाईंनी मुंबईहून एक नवी तपासणी आणली होती. नवजात बाळाला जंतूंची बाधा झाली आहे का, हे तासाभरात सांगणारी. पेशी मोजून नेहमी नीट कळत नाही, आणि जंतू वाढवून बघायचे तर सरकारी कॉलेजात रक्त पाठवून आठवडा जातो. तीन पौंडांच्या बाळापाशी आठवडा नसतो. म्हणून हा उपाय: बाळाच्या टाचेला टोचायचं, केसाएवढं भोक असलेल्या काचेच्या नळीत दोन थेंब रक्त ओढून घ्यायचं, नळीचं बूड मेणमातीत खुपसून ती सरळ उभी करायची आणि तास मोजायचा. शरीरात कुठं सूज, कुठं जंतू असले की रक्तातल्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात, जड होतात आणि भराभर खाली बसतात. वर पिवळं पाणी राहतं. ते पाणी पट्टीनं मोजायचं. मोठ्या माणसाच्या ईएसआरचं हे बाळरूप. हिशेब बाईंनी मला भिंतीवर लिहून दिला होता: बाळाचं वय जितके दिवस, त्यात तीन मिळवा. पाणी तेवढ्या मिलिमीटरच्या आत असेल तर बाळ बरं. वर गेलं तर औषध सुरू.

दुसरीही एक तपासणी होती, सूज आली की रक्तात वाढणारं एक द्रव्य शोधायची. त्याची दुधासारखी पांढरी बाटली. काचेवर बाळाच्या रक्तातलं पाणी आणि या बाटलीतला थेंब एकत्र हलवायचा. दूध नासल्यासारखे कण दिसले की सूज आहे. पण ती बाटली मुंबईहून एसटीच्या टपावरून, आमच्या उन्हातून आली. ती वाटेतच नासली. तिनं बाळाला सूज दाखवली, नर्सला दाखवली, मला दाखवली. शेवटी मी नळाचं पाणी घालून बघितलं तर नळालाही सूज. बाईंनी ती बाटली दोन बोटांत धरून कचऱ्यात सोडली. उरली ती नळी.

आता पोरगी.

तिचे आजोबा पलीकडच्या त्याच कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की त्याच्या पोटात हात घालून दुरुस्त करणारा. सगळा कारखाना त्यांना ताता म्हणायचा, तेलुगूत आजोबा. मीही तेच म्हणायचो. हडकुळा माणूस, पण कानाला पाना लावून बिघडलेल्या मागाची नाडी बघायचा. त्यांच्या सुनेला आठव्या महिन्याच्या सुरुवातीलाच कळा आल्या आणि माझ्या तळहातावर पाय पसरून झोपेल एवढी पोरगी जन्माला आली. तीन पौंडांत थोडी कमी. वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत तिला ठेवलं. चार दिवस बरं चाललं. पाचव्या दिवशी श्वास भात्यासारखा चालायला लागला, दूध घेईना, अंगाला घाम. बाईंनी स्टेथोस्कोप लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

जिन्याखाली तातांना त्यांनी समजावलं, मी शेजारी उभा होतो.

"आईच्या पोटात बाळ श्वास घेत नाही. म्हणून हृदयाजवळ एक जास्तीची नळी असते, रक्ताला फुफ्फुसाच्या बाहेरून न्यायला. जन्मल्यावर ती आपोआप मिटते. हिची मिटलेली नाही. रक्त उलटं फुफ्फुसात भरतंय. छातीत सारखा घरघर आवाज येतो. पुस्तकात त्याला यंत्राचा आवाज म्हणतात."

ताता म्हणाले, "म्हंजे माग बसलाय की पोरीच्या छातीत."

"तसंच समजा."

"मग बंद करा की. आमी पट्टा काडतो. तुमी काय काडता?"

तोच तर घोळ होता. बाईंनी पाणी कमी केलं, लघवीचं औषध दिलं, हृदयाचे थेंब दिले. मिटली तर मिटली. नाही मिटली तर मुंबईला नेऊन छाती बाजूनं उघडून ती नळी दोऱ्यानं बांधायची. पण असाच श्वास, असाच घाम, असंच दूध न घेणं जंतूंच्या बाधेतही होतं. बाईंनी मुंबईच्या सर्जनला ट्रंककॉल लावला. अर्धं सोलापूर ऐकेल अशा आवाजात त्या बोलल्या आणि फोन ठेवून मला म्हणाल्या, "ते म्हणतात, रक्तात सूज असेल तर छाती उघडणार नाही. पोर टेबलावरच जाईल. आधी सूज नाही असं लेखी पाठवा, मग बाळ पाठवा." आणि माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणजे आता सगळं माझ्या नळीवर.

सातवा दिवस. दहाच्या आत हवं होतं. आलं चोवीस.

बाईंनी इंजेक्शनं सुरू केली. आठवा दिवस: सत्तावीस.

त्या एकेका तासाचं काय सांगू! मला मुळात बूड टेकून बसता येत नाही. माझी आई सांगायची, बारशाला मी पाळण्यातून उतरून स्वतःच घुगऱ्या वाटल्या. त्यात नळी भिंतीच्या कोनाड्यात उभी आणि मी खोलीभर. टेबलापासून दारापर्यंत पाच पावलं, दारापासून कोनाड्यापर्यंत चार. पाच मिनिटं झाली की बघ, सात झाली की बघ. पिवळी रेघ खाली सरकतेय. थांब ना, थांब की गं बाई! दारात ताता उभे. ते पाळीच्या मधून दर अर्ध्या तासानं यायचे, हात तेलानं काळे.

"ओ रक्तवाले, कसं व्हायलंय?"

"तास व्हायचाय अजून."

"घड्याळ बंद हाय काय बघा की."

"चालू आहे ताता."

"मग लई हळू चालायलंय. तेल घालू काय?"

आणि परत मागांवर. काम सोडून बसा म्हटलं तर म्हणायचे, "बसलो तर मरीन. मागावर हात तरी हलतोय."

नववा दिवस, बुधवार. दुपारी बाराला नळी लावली. पाऊण तास झाला तरी रेघ वरच. तास भरला. पट्टी लावली: पाच. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पाच. काल सत्तावीस आणि आज पाच? इंजेक्शनं काय अमृताची आहेत? मला वाटलं, नळीत रक्त गोठलं. उन्हानं माझा हात घामेजला असेल, रक्त ओढायला वेळ लागला असेल. एका नळीत पाच आणि मागच्या दोन्हींत पंचवीसच्या आसपास, तर खोटी कुठली? मी शहाणा माणूस. बहुमत घेतलं. वहीत लिहिलं, "रक्त गोठलं, तपासणी रद्द," आणि बाईंना जाऊन सांगितलं, उद्या पुन्हा घेतो. टाच आधीच चाळणी झाली होती; त्याच दिवशी परत टोचायला माझं मन होईना. बाई नुसत्या "बरं" म्हणाल्या.

गुरुवारी सव्वीस.

बाईंनी वाचलं आणि पहिल्यांदाच मी त्यांना जिन्याच्या पायरीवर बसलेलं पाहिलं. म्हणाल्या, "श्वास ऐंशीच्या वर गेलाय. यकृत हाताला लागतंय. अजून दोन दिवस अशीच राहिली तर मुंबईला न्यायला काही उरणार नाही. आणि या आकड्यावर ते घेणार नाहीत."

मी लॅबमध्ये आलो आणि पिंजऱ्यातल्या वाघासारखा फिरायला लागलो. वाघ म्हणजे अगदी वाघ नाही, पण फिरणं तेच. हाताला काहीतरी काम हवं म्हणून स्वतःच्याच बोटाला सुई मारली. चार नळ्या भरल्या. का, ते विचारू नका. बायका अशा वेळी शेंगा फोडतात, मी रक्त काढलं. कोनाड्यात तीनच नळ्या मावल्या. चौथी टेबलावर मेणमातीत उभी केली.

तास झाला. कोनाड्यातल्या तिन्ही नळ्यांत तीस, एकतीस, तीस.

म्हणजे मला काय झालं असेल? बसल्या जागी मला क्षय झाला. मग सांधेवात झाला. मग ज्याचं नाव घेत नाहीत तो झाला. बायकोनं दुसरं लग्न करू नये असं सांगावं, की करावं असं सांगून मोठेपणा घ्यावा, इथपर्यंत मी पोचलो, आणि मग चौथ्या नळीला पट्टी लावली. सहा.

एकाच बोटाचं रक्त. एकाच वेळी भरलेलं. तीस आणि सहा.

मी कोनाड्यासमोर उभा राहिलो आणि का कोण जाणे, भिंतीवर हात ठेवला. भिंत थरथरत होती. थडथडथडथड. तळहातातून कोपरापर्यंत, कोपरातून दातापर्यंत. चाळीस मागांचे चाळीस धोटे इकडून तिकडे आपटत होते, आणि प्रत्येक आपटीला माझ्या नळीतल्या पेशी पोत्यातल्या ज्वारीसारख्या ठोकून ठोकून खाली बसत होत्या. बाहेरगावचा माणूस असता तर पहिल्या दिवशी कळलं असतं त्याला. मी त्याच भागात जन्मलो. माग बंद पडले तर माझी झोपमोड व्हायची. हलणारी भिंत हीच मला स्थिर भिंत वाटत होती.

आणि बुधवारी? बुधवार म्हणजे आमच्या भागाची वीजकपातीची सुट्टी. माग बंद. पाच खरं होतं. तेवढं एकच खरं होतं, आणि तेच मी खोडलं होतं.

आणखी एक सांगायचं राहिलं. बाई आल्या तेव्हा नळ्यांची जागा टेबलावरच होती. उन्हाळा लागल्यावर त्या कोनाड्यात मी हलवल्या. बाईंना कारण सांगितलं, "भिंत थंड आहे, तापमान सारखं राहतं." खरं कारण असं, की टेबल पंख्याखाली होतं आणि मला माझी खुर्ची तिथं हवी होती. शास्त्र नंतर जोडलं. त्या दिवसापासून या पोरीआधी तीन बाळांना त्या कोनाड्यानं आजारी ठरवलं होतं. तिघांनाही दहा-दहा दिवस सुया बसल्या. तिघंही सुखरूप घरी गेली, म्हणून मी आज हे लिहू शकतो.

बाईंना सांगायला गेलो तेव्हा जिना इतका लांब झाला की वाटेत दोनदा दमलो. सगळं सांगितलं. खुर्चीसकट. त्यांनी ओरडावं म्हणून मी वाट बघत होतो. त्या ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं.

"टेबलावर घेऊन उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "ते टेबलही त्याच फरशीवर आहे. थोडं तरी हलत असेल. मला मुंबईला लिहून द्यायचंय, आणि हिच्या टाचेत आता एकाच नळीचं रक्त आहे. अंदाज नको. माग तासभर बंद करता येतील?"

"आज? गुरुवारी?"

"आत्ता."

आधी तातांना गाठलं. कारखान्याच्या दारात ओढून आणलं आणि कानात ओरडून सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग स्वतःच्या काळ्या हातांकडे.

"म्हंजे आमीच हलवत हुतो व्हय?"

"तुम्ही नाही हो. मी तिथं ठेवली ना नळी."

"माग तर मीच नीट करत हुतो की. परवाच दोन बंद पडलेले चालू केले," ताता म्हणाले, आणि मला मागं टाकून मालकाच्या खोलीकडे चालायला लागले.

मालक म्हणजे शंभर किलोचा माणूस, खुर्चीत बसला की खुर्ची दिसायची नाही. समोर शेंगांची चटणी आणि कडक भाकरी, आणि चेहरा उपाशी.

"तासभर बंद?" मालक म्हणाले. "अय्यो! गिऱ्हाईक दारात बसलंय. बुधवार गेला, परत गुरुवार? पोरीचं वाईट वाटतंय मला, पण एका नळीसाठी चाळीस माग? नळी दुसरीकडं न्या की."

न्यायचं कुठं? अख्ख्या पूर्व भागात माग नाही अशी भिंत नव्हती, आणि टाचेचं रक्त रिक्षातून हिंदकळत न्यायचं तर तोच प्रश्न. ताता तोंड उघडणार एवढ्यात मला सुचलं. मी खाली वाकून आवाज मऊ केला.

"मालक, गेल्या महिन्यात तुमचा ईएसआर कोण करून गेलं?"

"तूच की. साठ आला. डॉक्टरनं मटण बंद केलंय. महिना झाला, हे खातोय." त्यांनी भाकरीकडे अशी नजर टाकली की भाकरी आणखी कडक झाली.

"ती नळी कुठं उभी होती सांगू? त्याच भिंतीला."

मालकांचा घास हातातच राहिला.

"म्हंजे...?"

"म्हणजे तुम्हाला सूज आहे का मागांना, कुणास ठाऊक. आज माग बंद राहिले तर पोरीच्या नळीशेजारी तुमचीही लावतो. फुकट."

मी शपथेवर सांगतो, तो माणूस खुर्चीतून उठला तेव्हा खुर्ची त्याच्याबरोबर उठली. दारात जाऊन त्यांनी दोन्ही हात आडवे केले, आणि विजेचा मुख्य दांडा खाली आला. चाळीस माग एकामागून एक थांबले.

आणि इथं मी दुसरी चूक केली. मी काय, आम्ही सगळ्यांनीच.

आमच्या भागात बुधवार सोडून भरदिवसा माग थांबतात ते एकाच कारणानं. गल्लीत कुणी गेलं की. माती होईपर्यंत माग बंद ठेवायचे, ही रीत. कुणाला सांगायला जावं लागत नाही; एकाचे थांबले की शेजारचेही थांबवतात. आवाज थांबला की माणसं बाहेर येतात. ते कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. पाच मिनिटांत पुरुष डोक्याला टॉवेल गुंडाळून दवाखान्याच्या दाराशी उभे. बायका पदर तोंडाला लावून. एक म्हातारी थेट मलाच, "कोण गेलं रं बाबा?"

आणि वरून किंकाळी आली.

पोरीची आई. ती बाळंतिणीच्या खोलीत होती, बाळाच्या पेटीपासून दूर. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तिनं फक्त माग थांबलेले ऐकले. उभ्या जन्मात त्या शांततेचा एकच अर्थ तिला माहीत होता. आम्ही वर धावलो तर ती ओली बाळंतीण उंबऱ्यात आडवी पडलेली, कपाळ फरशीवर आपटत होती. नर्सला आवरेना. तातांनी तिच्यापाशी बसून तेलुगूत काहीतरी सांगितलं, पुन्हा सांगितलं. तिला पटेना. मग बाई आल्या. तिला दंडाला धरून उठवलं, चालवत पेटीपाशी नेलं आणि पेटीच्या गोल खिडकीतून तिचा हात आत घातला. पोरीची छाती तिच्या बोटांखाली धडधडत होती. दवाखान्यात तेवढाच आवाज उरला होता.

"आता हिच्या टाचेला टोचायचंय," बाई म्हणाल्या. "तुम्ही हात काढू नका."

मी टोचलं. दोन थेंब. नळी भरली. खाली येऊन टेबलावर, कोनाड्यापासून होईल तितकी दूर, उभी केली. शेजारी मालकांची लांब नळी. घड्याळात सव्वा दोन.

असा तास मी दुसरा पाहिला नाही. मला चालायची बंदी. बाईंनी खुर्चीकडे बोट दाखवून सांगितलं, "तुमच्या पावलांनीही फरशी हलते." पंखाही बंद. मी खुर्चीत, दोन्ही पाय जखडून; शेजारी ताता. घाम कानामागून पाठीत, पाठीतून कुठं कुठं. बाहेर सगळी गल्ली उभी. शांतता इतकी की पलीकडच्या कारखान्यात, मागांच्या आवाजावर झोपणारी पोरं एकामागून एक जागी होऊन रडायला लागली. दर थोड्या वेळानं कुणीतरी खिडकीतून डोकावून विचारी, "बसलं काय खाली?" आणि बाई ओठावर बोट ठेवत.

वीस मिनिटं. चाळीस. माझा उजवा पाय आपोआप नाचायला लागला, तातांनी त्यावर हात दाबून ठेवला.

सव्वा तीन. बाईंनी पट्टी माझ्या हातून घेतली. स्वतः वाकल्या. वाचलं. मला म्हणाल्या, "तुम्ही वाचा." मी वाचलं. मग दोघांनी एकदमच सांगितलं.

सहा. दहाव्या दिवसाला तेरापर्यंत चालतं.

मालकांचे सोळा. बातमी ऐकून त्यांनी माग सुरू करायला सांगितलं आणि स्वतः खाटकाकडे चालत गेले. चालत! शेजारपाजारचे अजून त्याबद्दल बोलतात.

बाईंनी तिथल्या तिथं मुंबईला चिठ्ठी लिहिली. नळी आधी कुठं होती, आकडे का फुगले, बुधवारचा पाच, आजचा सहा. सगळं. शेवटी मला म्हणाल्या, "खाली सही तुमची." माझ्या सहीला एरवी दोन शेपट्या आणि एक फुली असते. त्या दिवशी नुसतं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पोरगी निघाली. नर्स, आई, बाप, एक ऑक्सिजनची नळकांडी, आणि कापसात गुंडाळलेलं ते तीन पौंडांचं गाठोडं. रेल्वेच्या डब्यात लोकांना वाटलं, काचेचं सामान आहे. ताता गेले नाहीत. "मी तितं जाऊन काय करू? हितं माग हायत," म्हणाले आणि फलाटावरून सरळ कामावर गेले.

पुढचे तीन दिवस मी जेवलो की नाही, आठवत नाही. बायको म्हणते, दोन माणसांचं जेवलो. मनात एकच: मुंबईवाल्यांनी पुन्हा तपासणी केली आणि पंचवीस आला तर? फोन वाजला की मी धावायचो. एकदा तर सायकलच्या घंटीला धावलो.

चौथ्या दिवशी दुपारी ट्रंककॉल. बाई ओरडत होत्या, "हॅलो! हॅलो! बांधली? कधी? काल?" मग बराच वेळ नुसतंच ऐकत राहिल्या. मग, "किती घेतलं?" फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मला वाटलं संपलं. त्या तशाच म्हणाल्या, "नळी बांधली. छातीतला आवाज थांबलाय. आज सकाळी दोन चमचे दूध घेतलं. जा, सांगा त्यांना."

मी कारखान्यात शिरलो. चाळीस माग भरात. तिथं बोलायचं तर तोंडानं नाही, हातानं आणि ओठांनी बोलतात. आवाज काढला तरी स्वतःलाच ऐकू येत नाही. ताता पार मध्यावर, एका मागाच्या पोटात वाकलेले. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे न बघता आधी हातांकडे पाहिलं.

मी छातीवर हात ठेवला आणि गाठ मारल्याची खूण केली. मग दोन बोटं ओठांना लावली, दूध. दोन. चमचे.

ताता तसेच वाकलेले राहिले. हातातला पाना खाली पडला, त्याचा आवाज आला नाही. मग ते सरळ झाले आणि शेजारच्या मागवाल्याला तीच खूण केली. त्यानं पुढच्याला. माझ्या डोळ्यांदेखत ती बातमी ओळीनं पुढं गेली, छातीवर हात, गाठ, ओठांना दोन बोटं, माग न थांबवता, शेवटच्या भिंतीपर्यंत. तिथून वळून दुसऱ्या ओळीनं एक प्रश्न परत आला. शेवटच्या माणसानं तो माझ्यासाठी हात हलवून विचारला: घरी कधी?

मला काय माहीत? बाईंनाही माहीत नव्हतं. चाळीस माणसं धाग्यावर एक डोळा आणि माझ्यावर एक डोळा ठेवून उभी होती, आणि ताता तर धाग्याकडंही बघत नव्हते. मी बोट वर केलं आणि ओठांनी स्पष्ट म्हणालो, "उद्या."

ती यायला पुढं तेवीस दिवस लागले. रोज पाळी सुटली की ताता लॅबच्या दारात यायचे, "ओ रक्तवाले, उद्या झाला काय?"